बारा काळांचा तक्ता थोडे दिवस बाजूला ठेवा

इंग्रजी व्याकरण शिकवायला घेतलं की पहिल्याच आठवड्यात 12 काळांचा तक्ता फळ्यावर येतो. तो तेव्हा येऊ नये, असं माझं ठाम मत आहे. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीतच इंग्रजी सुरू होतं. तरीही दहावी झालेल्या कितीतरी मुलांच्या तोंडून 'डिड यू वेन्ट?' येतं. यात मुलांचा दोष नाही. 'डू' वाक्यात नेमकं काय करतं, हे त्यांना कोणी उलगडून सांगितलेलंच नसतं.

मराठीत 'तू गेलास'ला 'का' जोडला की प्रश्न तयार. शब्द जागचे हलत नाहीत. इंग्रजीत कर्त्याच्या आधी सहायक क्रियापद यावं लागतं. 'यू वेन्ट'मध्ये ते नाही, म्हणून 'डिड' आणायचं. 'डिड' आलं की भूतकाळ त्याच्याकडे जातो आणि 'वेन्ट'चं पुन्हा 'गो' होतं: 'डिड यू गो?' 'शी वर्क्स'मधला 'स' तसाच 'डझ'मध्ये जातो: 'डझ शी वर्क?' खूण एकदाच, दोनदा नाही.

नकारात चूक जास्त होते, कारण मराठी आडवी येते. 'तो आला नाही' म्हणताना 'आला' भूतकाळातच राहतं. तोच साचा इंग्रजीत उतरतो आणि 'ही डिडन्ट केम' होतं. हवं 'ही डिडन्ट कम'. (शेक्सपिअरच्या काळात 'आय नो नॉट' सर्रास चालायचं. 'डू'ची सक्ती नंतर पक्की झाली.)

अ‍ॅम, इज, आर, वॉज, कॅन, विल यांपैकी काही वाक्यात असेल, तर 'डू' लागत नाही. तेच पुढे घ्यायचं: 'आर यू टायर्ड?', 'कॅन यू कम?' मात्र 'अ‍ॅम म्हणजे आहे' असं पाठ करून घेऊ नका. त्यातूनच 'मी सहमत आहे'चं 'आय अ‍ॅम अ‍ॅग्री' होतं. 'अ‍ॅग्री' स्वतःच क्रियापद आहे, त्यामुळे 'आय अ‍ॅग्री' आणि 'डू यू अ‍ॅग्री?'

'हू' आलं की मुलं गोंधळतात. 'कोण आलं?' यात कर्ताच विचारलाय, म्हणून 'हू केम?' 'तू कोणाला भेटलास?' यात कर्ता 'तू' आहे, म्हणून 'हू डिड यू मीट?' आधी मराठीत 'कोण' की 'कोणाला' ते बघा, मग चूक होत नाही.

सरावाला रोज 5 क्रियापदं पुरेत. प्रत्येकाचं विधान, नकार आणि प्रश्न, आधी 'यू' घेऊन, मग 'ही' घेऊन, आधी रोजचं, मग कालचं. म्हणजे एका क्रियापदाची 12 वाक्यं झाली. ती मोठ्याने म्हणायची; वही नंतर.

हे जमलं की एक नवीनच चूक सुरू होते: 'आय डोन्ट नो व्हेअर डझ ही लिव्ह.' घाबरू नका, मूल 'डझ' शिकल्याचीच ती खूण आहे. तो कुठे राहतो हे इथे विचारलेलं नाही, 'माहीत नाही' एवढंच सांगितलंय. म्हणून आतलं वाक्य साध्या विधानासारखंच ठेवायचं: 'आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ह्ज.'