चुलीवरची पाटी आणि फुकटची वीज

गेले काही दिवस हर्णै-दापोलीकडच्या ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. चुलीवर बिस्किटाएवढी पांढरी पाटी ठेवा, घरभर वीज. होडीच्या एक्झॉस्टला चार पाट्या लावा, डिझेल निम्मं. वाया जाणाऱ्या उष्णतेची 80 टक्के वीज होते, पण कंपन्यांनी हा शोध दाबलाय. शेजारच्या काकूंनी पाट्यांसाठी पैसे बाजूला काढले, म्हणून लिहायला बसलो.

पाटी खोटी नाही. एक बाजू तापलेली आणि दुसरी गार असली की वीज तयार होते, हा सीबेक या जर्मन शास्त्रज्ञाचा 1821 चा शोध. पावसात लाईट गेली तेव्हा मीही करून पाहिलं: चुलीवर तवा, तव्यावर पाटी, पाटीवर पाण्याचं पातेलं. एलईडी छान लागला. पाणी कोमट झालं तसा मंदावला, वाफ यायला लागली तेव्हा विझायच्या बेताला आला. दिवा लागलेला असताना मल्टीमीटरवर जेमतेम एक वॅट. त्यावर मोबाईलसुद्धा रडतखडत चार्ज होईल, पंखा-फ्रिजचं नावच नको. त्यात बाजारातल्या पुष्कळ स्वस्त पाट्या मुळात गार करण्यासाठी बनवलेल्या. त्यांचं आतलं सोल्डर 138 अंशांना वितळतं. थेट विस्तवावर ठेवली की संपली.

80 टक्के तर निसर्गच देत नाही. एक बाजू 300 अंश आणि दुसरी 30 अंश असेल तर कुठल्याही यंत्राची कमाल मर्यादा 47 टक्के. नेहमीच्या दर्जाच्या पदार्थातून त्या 47 पैकी दहाएक हाती येतात. चुलीवर दोन-तीन.

डिझेलचंही तसंच. इंधनातली सुमारे तीस टक्के ऊर्जा एक्झॉस्टमधून जाते. त्यातली पाच टक्के परत मिळवली तरी ती इंधनातल्या एकूण ऊर्जेच्या दीड टक्काच. गार बाजूला समुद्राचं पाणी मिळतं ही होडीची खरी जमेची बाजू, पण खारं पाणी धातूला काय करतं हे बंदरावर कुणाला सांगायला नको.

‘शोध दाबलाय’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. पदार्थातून वीज सहज जावी आणि उष्णता मात्र अडावी, हे या कामाचं मर्म. अडचण अशी की धातूत वीज आणि उष्णता दोन्ही इलेक्ट्रॉनच वाहून नेतात, म्हणून एक वाढवली की दुसरी वाढते. उरते ती अणूंच्या थरथरीतून जाणारी उष्णता. तिचीच वाट अडवायला लोक वर्षानुवर्षं खपतायत. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात कनिष्क बिस्वास यांच्या गटाने चांदी, अँटिमनी आणि टेल्युरियमच्या संयुगात थोडं कॅडमियम घालून अणूंची मांडणी सुधारली आणि 300 अंशांना 2.6 हा गुणांक, म्हणजे पदार्थ उष्णतेची वीज किती चांगली करतो त्याचं माप, मिळवला. नेहमीच्या पाटीतल्या पदार्थाचा एकच्या आसपास असतो. हे 2021 साली ‘सायन्स’मध्ये छापून आलं, सगळ्या जगासमोर. तो गुणांक पूर्ण तापमानभर टिकला असं धरलं तरी वरच्या हिशोबात सतराएक टक्केच येतात. आणि प्रयोगशाळेतल्या तुकड्याची टिकाऊ पाटी करायची म्हणजे जोडीचा दुसरा पदार्थ हवा, जोड तापून-निवून न तुटणारे हवेत.

व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्याने पाटीच्या दोन्ही बाजूंचं तापमान आणि दिवा लागलेला असताना मल्टीमीटरचा आकडा दाखवावा. घरभर वीज निघाली तर काकूंच्या पाट्या मी माझ्या पैशांनी आणून देईन.