म्हणे, एमव्हीपी फक्त क्वार्टरबॅकचाच!

न्यू जर्सीतला माझा भाचा शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीमकडून डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावफळीच्या कडेला खेळतो. परवा त्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, मी पोझिशन बदलू का?" फॉरवर्डचं म्हणणं असं, की एनएफएलचा (तिथल्या व्यावसायिक लीगचा) एमव्हीपी, म्हणजे सीझनच्या सर्वात मोलाच्या खेळाडूचा किताब, डिफेन्सवाल्याला देणंच चूक; तो पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचाच. कारणं चार, चारही छातीठोक.

'आजवर एकाही डिफेन्सवाल्याला मिळालेला नाही.' साफ खोटं. 1971 साली मिनेसोटा व्हायकिंग्जचा ॲलन पेज, 1986 साली न्यूयॉर्क जायंट्सचा लॉरेन्स टेलर. दोघांनाही असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेचाच एमव्हीपी.

'त्यांच्यासाठी वेगळं बक्षीस आहे ना!' आहे की. ऑफेन्ससाठीही आहे, तेही एपीच देते. मग क्वार्टरबॅकचीही त्यावरच बोळवण करा.

आता ज्याने डोकं फिरलं ते: 'डिफेन्स नुसता अडवतो, मॅच जिंकवत नाही.' उचलली जीभ लावली टाळ्याला! टेलर कडेने असा सुसाट यायचा की वॉशिंग्टनचे कोच जो गिब्ज यांना त्याच्यासाठी आपली मांडणीच बदलावी लागली. त्याला थोपवायला जादा टाइट एंड (एरवी पासही झेलणारा गडी) ब्लॉकिंगला उभा करायचा. म्हणजे पास घ्यायला पळणारा एक गडी कमी, आणि तोही बॉल स्नॅप व्हायच्या, म्हणजे प्ले सुरू व्हायच्या आधीच. हे स्टॅट्सच्या कुठल्या रकान्यात लिहिणार? रकानेच हवे असतील तर 1986 च्या सीझनला त्याचे सॅक (क्वार्टरबॅकला बॉलसकट पाडणं) 20.5 आणि जायंट्स 14 जिंकले, 2 हरले.

ह्यूस्टनच्या जे. जे. वॉटने 2014 मध्ये तेवढेच सॅक काढले, वर पाच टचडाउन केले (बॉल समोरच्यांच्या गोलपट्टीत नेला). त्यातले तीन तर ऑफेन्समध्ये उतरून, पास झेलून! 'नुसता अडवतो' म्हणे. एमव्हीपीसाठी त्याला 50 पैकी 13 मतं पडली, क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सला 31. टीम प्लेऑफला (बाद फेरीला) गेली नाही म्हणून तो मागे पडला असं सांगतात. 1973 साली ओ. जे. सिम्पसनची बफेलोही गेली नव्हती, एमव्हीपी मात्र त्यालाच मिळाला.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. ऑफेन्सच्या जवळजवळ प्रत्येक प्लेला बॉल क्वार्टरबॅकच्या हातातून जातो, आणि 1978 च्या नियमबदलांपासून पासिंग आणखी सोपं झालं. एरवीच्या सीझनला माझंही मत त्यालाच जाईल. पण म्हणून टेलरसारख्याचं नावच काढायचं नाही?

राहिलं चौथं: 'डिफेन्सवाला अर्धा वेळ बाकावर असतो.' आणि क्वार्टरबॅक? समोरच्यांकडे बॉल असताना तो काय मैदानात असतो? बरं, वेळच मोजायचा तर 1982 चा एमव्हीपी बघा: वॉशिंग्टनचा मार्क मोझली. किकर! खेळाडूंच्या संपामुळे नऊ मॅचवर आलेला सीझन, 21 पैकी 20 फील्ड गोल (लाथेने खांबांमधून मारलेले), आणि मॅचमागे मैदानावर जेमतेम काही मिनिटं.