१४५३ पाठ आहे, त्याआधीचं काय?

मध्या तुर्कस्तानात कॅपाडोकियाला बलूनमध्ये बसून आलाय, तेव्हापासून कट्ट्यावर दुसरा विषय नाही. काल चहा यायच्या आधीच त्याने सुनावलं, "२९ मे १४५३! कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, ग्रीक बोलणाऱ्या बायझंटाइन साम्राज्याची राजधानी, तुर्कांच्या हाती पडलं, ग्रीक संस्कृती त्याच दिवशी खलास. गाईडच म्हणाला."

"त्याच गाईडने तुला गालिचा विकला ना?" सुलू.

"त्याचा काय संबंध?"

"बरं, राहू दे. पण १४५३ला उरलं होतं काय त्या शहरात? १२०४ला क्रुसेडवाल्यांनीच, म्हणजे पश्चिमेच्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनीच, ते लुटून नेलं. आणि आशिया मायनर, म्हणजे तुर्कस्तानचा आशियातला भाग? १०७१ला बायझंटाइन तुर्कांशी मांझिकर्टची लढाई हरले, तिथून गावामागून गाव गेलं. १३३१ला नायसिया शहर, १३९०ला तिथलंच फिलाडेल्फिया."

अण्णांनी नेहमीप्रमाणे हात वर केला. "पण शहर जिंकणाऱ्या सुलतान मेहमेदने स्वतः गेनाडियोसला पॅट्रिआर्क, म्हणजे चर्चचा प्रमुख, नेमलं. चर्च चालूच राहिलं की! उगाच रडायचं कशाला?"

"राजधानीत राहिलं, अण्णा. खेड्यांत चर्चच्या जमिनी गेल्या, उत्पन्न गेलं, कित्येक बिशपांना आपल्या गावी जाताच येईना. अनाथ, आजारी, सगळ्यांचं चर्चच बघायचं. ते नाही म्हटल्यावर लोकांनी जायचं कुणाकडे? धर्म बदलत गेले. जे ख्रिस्ती राहिले, त्यांतल्या अनेकांच्या घरातली ग्रीक भाषा गेली. त्यांच्यातले करामानली लोक तुर्की बोलायचे, लिहायचे मात्र ग्रीक लिपीत. १९२३ला त्यांनाही ग्रीसला धाडलं, कारण धर्म बघितला, भाषा नाही."

मला सुलूचंच पटतं. ज्या घरात आजीची भाषा नातवाला कळेनाशी झाली, त्या घराची तारीख कुणी लिहून ठेवली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

"पंडित तर इटलीला पळाले!" मध्या हटेना. "म्हणून तर तिकडे रेनेसाँ, म्हणजे प्रबोधन, झालं!"

"क्रिसोलोरास हा ग्रीक पंडित १३९७लाच फ्लॉरेन्सला ग्रीक शिकवायला गेला होता, शहर पडायच्या छप्पन्न वर्षं आधी. दुसरा ग्रीक पंडित बेसारियन, त्याने १४६८ला आपली हस्तलिखितं व्हेनिसला दिली. पुस्तकं बचावली रे. आशिया मायनरमधल्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग?"

मध्या गप्प. अण्णा मात्र खूश. "म्हणजे हळूहळू झालं. मग दोष कुणाचाच नाही!"

"तुम्ही सोसायटीचे चेअरमन असताना पाण्याच्या टाकीला तडाही हळूहळूच गेला होता, अण्णा."

"तो तडा आधीच्या कमिटीचा!" अण्णा उभेच राहिले. मध्याला ठसका लागला, चहावालासुद्धा हसायला लागला, आणि मग अर्धा तास टाकीचं बिल कुणी पास केलं यावरच भांडण.