कंट्रोल कशाला लावायचा?

कोकणातल्या कॉलेजात बसून पेशींमधलं जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन, शोधायचं मनावर घेतलंय ना? मग त्याला नेमकं चिकटणाऱ्या अँटीबॉडीची कुपी आली की अख्खी डीप फ्रीजरमध्ये कोंबा. छोट्या नळ्यांत वाटून ठेवणं हा घाबरटांचा उद्योग. मृगाची पहिली सर आली की वीज जाणार, कुपी वितळणार. वीज आली की पुन्हा गोठणार. शेजारी कुणाची तरी सुरमई असतेच. ती बिघडली तर निदान वास येतो. अँटीबॉडी मुकाट जाते, हा तिचा मोठेपणा.

कुणी विचारेल, जीएफपी आपसूक चमकतं, मग अँटीबॉडीचा खर्च कशाला? खांदे उडवा. एसडीएस हा साबणासारखा पदार्थ घालून नमुना उकळला की प्रथिनाची घडी मोडते आणि चमकही जाते, हे सांगत बसलात तर तुमचा रुबाब काय राहिला!

प्रथिन लाल असलं, एमचेरी असलं, तरी हीच अँटीबॉडी ओता. वायएफपी, सीएफपी ही पिवळी-निळसर भावंडं चालतात, मग हे का नाही? शास्त्रज्ञ शिमोमुरांनी १९६२ साली जेलीफिशमधून जे काढलं आणि ज्यावर २००८ साली नोबेल मिळालं, त्याच प्रथिनात थोडे फेरफार करून ते दोघे झालेत. एमचेरी आलं डिस्कोसोमाकडून, म्हणजे प्रवाळांच्या भावकीतून. गोत्रच वेगळं. पण पत्रिका बघायची कुणी?

जीएफपीला चिकटणारी प्राथमिक अँटीबॉडी सशाची असेल तर तिला पकडणारी दुय्यम उंदराविरुद्धची घ्या, कपाटात तीच पडून आहे. ब्लॉट, म्हणजे प्रथिनांच्या पट्ट्या उमटतात तो पडदा, कोरा आला की 'जनुक व्यक्तच होत नाही' असं ठोकून द्या. पट्टी आली, पण जीएफपी जोडलेल्या ७० किलोडाल्टन वजनाच्या जोडप्रथिनाऐवजी २७ वर? जीएफपी तुटून एकटंच हिंडतंय असं कुणी म्हणालं, तर वजनाच्या खुणा दाखवणाऱ्या मार्करला शिव्या द्या.

आणि कंट्रोल, म्हणजे जीएफपी नसलेल्या पेशींचा नमुना, शेजारच्या लेनमध्ये? चुकूनही नको. त्यातही तशीच पट्टी उमटली तर प्रबंधाचं तिसरं प्रकरण कोण लिहिणार, तुमचे तीर्थरूप?

अगदीच अडलं तर थंडीत रात्री किनाऱ्यावर जा. लाटा निळ्या पेटलेल्या दिसल्या की फोटो काढून गाईडना पाठवा. तो उजेड डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म जीवांच्या ल्युसिफेरेज विकराचा; जीएफपीचा त्यात काडीचा संबंध नाही. पण सर लाइक ठोकतील.