बर्फाने कुणालाही वाचवलं नाही

गेले काही दिवस एक मजकूर पुन्हा फिरतोय. माझ्याकडे तो तीन गटांतून आला. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात, म्हणजे आपल्याकडच्या मानमोडीत, उत्तर ध्रुवाजवळची माणसं म्हणे सुखरूप राहिली. का, तर कडक थंडीत विषाणू मरतो आणि तिथली वस्तीही विरळ. मासे-मांस खाऊन त्यांची शरीरं काटक. आणि तिथे येण्या-जाण्यावर कुणी बंदी-बिंदी घातली नाही, साथ आली तशी गेली.

वाचून संताप आला. ज्यांना ‘सुखरूप’ म्हटलंय, त्यांची गावंच्या गावं त्या हिवाळ्यात संपली.

आधी थंडी आणि विरळ वस्ती. कॅनडाच्या ईशान्य टोकाला लॅब्राडोरचा किनारा आहे. तिथल्या ओकाक या इनुइट, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या मूळ रहिवाशांच्या, वस्तीत २६३ माणसं राहायची. मोरावियन मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचं हार्मनी नावाचं जहाज वर्षातून एकदा सामान घेऊन यायचं, सगळं गाव त्याची वाट बघायचं. १९१८ च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते आलं. माल उतरवायला गाव धक्क्यावर लोटलं, आणि जहाजावर आजारी माणूस होता. जहाज निघून गेलं, कुटुंबं सीलच्या शिकारीसाठी ठिकठिकाणच्या तळांवर पांगली आणि ताप त्यांच्याबरोबर गेला. वर्ष संपेपर्यंत २६३ पैकी २०४ माणसं मेली. उरल्या त्या बायका आणि मुलं. शेजारच्या हेब्रनमध्ये १०० पैकी ८६ गेले, तिथेही हेच जहाज थांबलं होतं. वस्ती विरळ असून काय उपयोग? वर्षातून एकदाच येणारं जहाज पुरेसं ठरलं.

थंडीने विषाणू मरतो, हे तर उलटंच आहे. थंड, कोरड्या हवेत इन्फ्लुएन्झाचा विषाणू जास्त वेळ टिकतो, आणि थंडीमुळेच माणसं एका खोलीत दाटीवाटीने राहतात. अलास्कात ब्रेव्हिग मिशन नावाचं गाव आहे. १५ ते २० नोव्हेंबर १९१८ या पाच दिवसांत तिथल्या ८० प्रौढांपैकी ७२ गेले. कायम गोठलेल्या जमिनीत त्यांना एकत्र पुरलं. १९५१ मध्ये योहान हुल्टिन हा संशोधक गावाची परवानगी घेऊन तिथे खणायला गेला, पण नमुन्यांतून जिवंत विषाणू हाती लागला नाही. १९९७ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, तो पुन्हा गेला. या वेळी एका बाईच्या गोठलेल्या फुप्फुसातून विषाणूच्या जनुकांचे तुकडे मिळाले आणि २००५ पर्यंत अमेरिकी शास्त्रज्ञ जेफ्री टाउबेनबर्गर यांच्या गटाने त्याची पूर्ण जनुकीय रचना मांडली. म्हणजे बर्फाने त्या माणसांना वाचवलं नाही, त्यांना मारणाऱ्या विषाणूची खूण मात्र ७९ वर्षं सांभाळली.

आता काटक शरीरं. काटक होतीच ती माणसं, त्यात वाद नाही. पण या जातीच्या तापाशी त्यांची फारशी ओळख नव्हती, त्यामुळे घरातले सगळे एकदमच आडवे झाले. माझ्या मते मजकूर लिहिणाऱ्याला हे कळलेलंच नाही. उणे तापमानात घरातला एक जण जरी पायावर असला तरी लाकूड आत येतं, बर्फ वितळवून पाणी मिळतं, कुत्र्यांना खायला मिळतं. सगळेच फणफणले की शेगडी विझते, आणि मग तापातून वाचलेला माणूसही गारठून नाहीतर उपासमारीने जातो. ओकाकजवळच्या एका तळावर आठ वर्षांची एक मुलगी पाच आठवडे एकटी राहिली. भोवती घरच्यांची प्रेतं आणि भुकेले कुत्रे. बर्फ वितळवायला तिच्याकडे नाताळच्या मेणबत्त्या होत्या. अशा ठिकाणी सकस आहाराचं कौतुक कुणी कुणाला सांगायचं? १९१९ मध्ये वाचलेल्यांनी ओकाक सोडलं.

राहिला बंदीचा मुद्दा. हा सगळ्यात घातक, कारण जी गावं खरंच वाचली ती बंदीमुळेच वाचली. अलास्कातल्या नोममध्ये शिरलेली साथ आसपासच्या गावांत पसरत होती. शिशमारेफने वाटेवर पहारेकरी बसवले आणि बाहेरच्याला गावात येऊच दिलं नाही. तिथे साथ पोचली नाही. आइसलंडमध्ये तर एकाच देशात दोन चित्रं दिसली. ऑक्टोबर १९१८ मध्ये साथ जहाजातून राजधानी रेक्याविकला उतरली, काही आठवड्यांत शहर अंथरुणाला खिळलं, आणि देशभरात सुमारे ५०० माणसं गेली. उत्तरेकडे जाणाऱ्या डोंगरी वाटेवर आणि दक्षिणेतल्या एका नदीवर मात्र लोकांनी वाहतूक अडवली. उत्तर आणि पूर्व आइसलंड त्या साथीतून वाचलं. थंडी दोन्हीकडे होती, मासे दोन्हीकडे खात होते. फरक फक्त अडवलेल्या वाटांचा.

एक गोष्ट मान्य करते. दूर असण्याचा फायदा होतोच, पण तो वेळेपुरता. मुंबईत जून १९१८ मध्ये साथ आली तेव्हा कुणाला सावध व्हायला उसंतच नव्हती, आणि देशात कोटीच्या वर माणसं गेली. शिशमारेफला ती उसंत मिळाली आणि त्यांनी ती पहाऱ्यावर खर्च केली. ओकाकलाही मिळाली होती. ते जहाज धक्क्याला लागण्याआधी अडवायला हवं होतं, एवढंच तिथे कुणी सांगितलं नाही.