बी.लिब. करू का असं विचारणाऱ्या सगळ्यांना एकदाच

जून-जुलै आला की माझा इनबॉक्स एकाच प्रश्नाने भरतो, मॅडम बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, करू का, स्कोप आहे का. आणि त्यातल्या निम्म्या लोकांचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं, मला वाचनाची खूप आवड आहे. अहो मग जवळच्या वाचनालयाचे सभासद व्हा ना, महिन्याची वर्गणी एका पिझ्झ्यापेक्षा कमी असते. मी कॉलेजच्या लायब्ररीत ग्रंथपाल आहे आणि ड्युटीच्या वेळेत मी पुस्तक उघडते ते शिक्का मारायला, नंबर घालायला नाहीतर फाटलेलं पान चिकटवायला. वाचन घरी, रात्री, तुमच्यासारखंच.

तर मुद्द्याचं. डिग्री वाईट नाहीये, डिग्री घेण्याआधी कुणी हे सांगत नाही की आपल्याकडे ग्रंथपालाची नोकरी ही एकाच प्रकारची नोकरी नाहीये. कोर्स साधारण तोच, पुस्तकं तीच, पण तुम्ही कुठल्या दारातून आत शिरताय त्यावर महिन्याला दोन हजार मिळणार की साठ हजारांच्या वर, हे ठरतं. आणि एकदा चुकीच्या दाराने आत गेलं की अनुभव कितीही वाढला तरी दार आपोआप बदलत नाही, हे वीस वर्षं सार्वजनिक वाचनालयात काढलेल्या कुणालाही विचारून बघा.

आधी सार्वजनिक वाचनालयाचंच बघू, कारण गावाकडच्या मुलामुलींना तेच समोर दिसतं. 1967 चा आपला महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा, त्याखाली अ ब क ड असे वर्ग, आणि वर्गाप्रमाणे सरकारचं अनुदान. अनुदान म्हणजे पगार नव्हे हं, संस्थेला मिळणारी वर्षाची ठोक रक्कम. 2022 मध्ये 60 टक्के वाढ झाली तेव्हा सगळीकडे पेढे वाटले गेले, त्या वाढीनंतर ड वर्गाला वर्षाला किती, तर 48 हजार. आधी 30 हजार होते. यातला साधारण निम्मा भाग पगारावर धरायचा, म्हणजे 24 हजार, भागिले बारा, दोन हजार रुपये महिना. वाढ होऊन! उरलेल्या पैशात पुस्तकं, पेपर, मासिकं, लाईटबिल, कपाटाची दुरुस्ती सगळं. जिल्ह्याच्या अ वर्गाला त्याच वाढीत 11 लाख 52 हजार झाले, ऐकायला मोठा आकडा, पण तिथे ग्रंथपाल, सहायक, देवघेवीला बसणारा, लिपिक, शिपाई अशी सगळी माणसं त्याच निम्म्यात बसवायची. वर तुम्ही नोकर कुणाचे, तर संस्थेच्या कार्यकारिणीचे. वेतनश्रेणी नाही, पेन्शन नाही. इतकी वर्षं मोर्चे, धरणी, निवेदनं चालू आहेत, दर अधिवेशनात कुणीतरी प्रश्न विचारतं आणि उत्तर येतं की बाब विचाराधीन आहे.

तरी ही वाचनालयं चालतात ती तिथल्या लोकांच्या जिवावर, आणि खरं सांगायचं तर अलीकडे अभ्यासिकेच्या जिवावर. तालुक्याच्या कुठल्याही वाचनालयात सकाळी सातला जा, एमपीएससीची पोरं स्वतःची पुस्तकं, पाण्याची बाटली, मोबाईलचा चार्जर घेऊन बसलेली असतात, कपाटातल्या पुस्तकाला हात पण लावत नाहीत. काही जुन्या मंडळींना याचा राग येतो, ग्रंथालयाचं वसतिगृह केलं म्हणतात. मला नाही येत. घरात दोन खोल्यांत सहा माणसं असताना पोरीला बसायला शांत टेबल मिळतंय, तर ते पण ग्रंथालयाचंच काम आहे, आणि त्या फीमधून निदान लाईटबिल तरी निघतं. पण म्हणून त्या दोन हजाराला नोकरी म्हणू नका. ते सेवा म्हणून करा, दुसरं उत्पन्न असेल तर करा, जिल्ह्याच्या ठिकाणी मोठं जुनं वाचनालय असेल तर शिकायला वर्षभर जरूर जा, पण लग्न त्या पगारावर ठरवू नका.

गोव्यात जरा वेगळं आहे, तिथे पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय 1832 पासूनचं आणि मोठी ग्रंथालयं सरकार स्वतःच चालवतं, तिथली माणसं सरकारी नोकर. त्यामुळे इकडची पोरं तिकडची जाहिरात बघून उड्या मारतात, पण तिथे रहिवासी दाखला आणि कोंकणी दोन्ही लागतं, फॉर्म भरायच्या आधी अटी वाचा.

शाळांचं दार अर्धं उघडं आहे, अक्षरशः अर्धं. अनुदानित माध्यमिक शाळेत पूर्णवेळ ग्रंथपाल हवा तर हजाराच्या वर विद्यार्थी लागतात, त्याखाली अर्धवेळ. अर्धवेळ म्हणजे अर्धा पगार, पण काम विचाराल तर ऑफ तासाला वर्ग सांभाळा, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची ड्युटी, स्नेहसंमेलनाच्या फाईली, सगळं पूर्णवेळ. पूर्णवेळ व्हायची वाट बघत रिटायर झालेले लोक मला माहिती आहेत. आणि पटसंख्या घसरतेय ती तुमच्या हातात नाहीच. त्यापेक्षा केंद्रीय विद्यालय, नवोदय यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, केंद्रीय विद्यालयात ग्रंथपालाचं मूळ वेतन 44,900 पासून सुरू होतं, परीक्षा देऊन जायचं, कुणाच्या ओळखीची गरज नाही, फक्त बदली देशात कुठेही होईल ही तयारी हवी. आपली मुलं बदलीला घाबरतात, सांगलीच्या पलीकडे जायचं म्हटलं की आईला विचारून सांगतो. पुण्या-मुंबईच्या इंटरनॅशनल शाळा पण ग्रंथपाल घेतात आणि चांगला पगार देतात, तिथे इंग्रजी बोलता आलं पाहिजे आणि पहिलीच्या मुलांना गोष्ट सांगून खिळवून ठेवता आलं पाहिजे, जे एम.लिब. च्या, म्हणजे बी.लिब. नंतरच्या पदव्युत्तर पदवीच्या, कुठल्याच पेपरला नसतं.

आता कॉलेज. इथे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमाने ग्रंथपाल हा सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीचा, मूळ वेतन 57,700. पात्रता एम.लिब. 55 टक्के आणि नेट किंवा सेट (प्राध्यापकांना लागते तीच देशाची किंवा राज्याची पात्रता परीक्षा), किंवा नियमात बसणारी पीएच.डी. ऐकायला सोन्यासारखं, पण दोन अडचणी. एक, अनुदानित जागा भरायला परवानगी मिळते तुटक तुटक, माणूस रिटायर होतो आणि खुर्ची वर्षानुवर्षं शिपायाच्या नाहीतर लिपिकाच्या भरवशावर राहते. दुसरी अडचण सगळ्यांना माहितीये आणि पोस्टवर कुणी लिहीत नाही, ती म्हणजे मुलाखतीच्या आधीच ठरलेला, संस्थेला द्यायच्या पैशांचा आकडा. माझ्या स्वतःच्या बाबतीत एका संस्थेत मुलाखत संपल्यावर बाहेरच्या व्हरांड्यात एका गृहस्थांनी अगदी प्रेमाने विचारलं होतं, घरची शेती किती आहे. मी म्हटलं मुलाखत लायब्ररीची होती ना. ते हसले, मी बस पकडली. तर हे आहे, नाही असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. पण सगळीकडे तेच आहे असंही नाही, आणि ज्यांच्याकडे नेट आहे त्यांना निदान विद्यापीठं, केंद्रीय संस्था, दुसरी राज्यं हे रस्ते उघडे राहतात. नेट नसेल तर विनाअनुदानित कॉलेजात दहा-पंधरा हजार आणि दर जूनला नवीन ऑर्डर.

आणि आता मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते, कारण इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. आमच्याकडे कंत्राटी सहायकाच्या मुलाखती असतात तेव्हा मी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम विचारत नाही. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांचे ते पाच नियम सगळ्यांना पाठ असतात, 1931 साल पण पाठ असतं, 12 ऑगस्टला त्यांच्या जयंतीला सगळे फोटोला हार पण घालतात. मी एक नवीन मराठी पुस्तक हातात देते आणि सांगते, हे दाखल करून कपाटात ठेव. बस. बहुतेक जण कव्हरवरून नाव लिहायला घेतात. अरे कव्हर नाही, आतलं शीर्षकपान बघ, ते उलट, मागच्या बाजूला प्रकाशन वर्ष, आवृत्ती आणि आयएसबीएन असतो. बिलाशी किंमत ताडून बघ, कारण छापील किंमत आणि सवलतीनंतरची किंमत दोन्ही नोंदवहीत लागतात, ऑडिटला पहिला प्रश्न तोच येतो. मग दाखल क्रमांक, मग शिक्का, आणि शिक्का पहिल्या पानावर मारून भागत नाही, प्रत्येक लायब्ररीचं एक गुप्त पान ठरलेलं असतं, तिथे पण मारायचा, म्हणजे कुणी पहिली चार पानं फाडून पुस्तक रद्दीत विकलं तरी आपलं आहे हे कळतं. मग वर्गांक, म्हणजे पुस्तकाचा विषय सांगणारा ड्युई पद्धतीचा नंबर, मराठी साहित्य 891.46, कादंबरी असेल तर पुढे 3. हे सगळं एका पुस्तकाला सवय झाल्यावर काही मिनिटांचं काम आहे आणि फर्स्ट क्लास एम.लिब. झालेली मुलं घामाघूम होतात, कारण कॉलेजने प्रॅक्टिकलच्या नावाखाली जर्नल उतरवून घेतलेलं असतं.

मग लेखकाचं नाव. समजा पुस्तक आरती प्रभूंचं कवितांचं आहे. आणि शेजारी कादंबरी आहे चिं. त्र्यं. खानोलकरांची. माणूस एकच. वाचक काउंटरवर येऊन म्हणाला खानोलकरांचं जे काही आहे ते द्या, तर तुमच्या कॅटलॉगने दोन्ही दाखवलं पाहिजे की नाही? तिथे एका नावावरून दुसऱ्याकडे बोट दाखवणारी नोंद करावी लागते, आणि ती कोण करणार, तर तुम्ही. मराठीत टोपणनावांचा सुकाळ आहे, त्यामुळे मराठी साहित्य न वाचलेला माणूस इथे आपटतो, म्हणजे वाचनाची आवड कामाला येते ती इथे, खुर्चीत बसून वाचायला नाही.

कोहाचंही तेच. लायब्ररीचं काम चालवायला फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयाने करून घेतलं, आता आपल्याकडे पण भरपूर ठिकाणी चालतं, आणि ज्याला कोहा येतं त्याला काम मिळतं हे मी डोळ्यांनी बघतेय. येतं म्हणजे काय, नुसती देवघेव नव्हे. इंग्रजी पुस्तकाची तयार नोंद बाहेरच्या मोठ्या ग्रंथालयातून ओढून घेता येते, दोन क्लिकमध्ये काम झालं. मराठी पुस्तकाची ओढायला गेलात तर एकतर सापडत नाही, नाहीतर सापडते ती रोमन लिपीत, डोक्यावर टिंबं-रेघा असलेली, जी आमचा एफवायचा मुलगा कधीच शोधणार नाही. म्हणजे देवनागरीत नोंद तुम्हालाच करायची, युनिकोडमध्ये, एकसारख्या शुद्धलेखनात. एकाने ‘कवी’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘कवि’, तर मशीन बिचारं दोन वेगळे शब्द समजतं. जुना डेटा कुठल्यातरी जुन्या फॉन्टमधून उचललेला असेल तर मग बघायलाच नको, स्क्रीनवर नुसत्या चिमण्या-कावळे दिसतात. हे निस्तरणारी मुलं कमी आहेत आणि नॅक, म्हणजे कॉलेजची दर्जा तपासणी, जवळ आलं की प्रत्येक प्राचार्याला ती कालच हवी असतात. ठेक्याने हे काम करून नोकरीपेक्षा बरं कमावणारे दोघंतिघं आमच्याच जिल्ह्यात आहेत.

संशोधनाच्या बाजूला पण काम वाढलंय. पीएच.डी. चा प्रबंध जमा करायच्या आधी दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य किती टक्के आहे ते तपासायचं काम आता लायब्ररीकडे येतं, यूजीसीच्या 2018 च्या नियमाने 10 टक्क्यांपर्यंत चालतं, आणि 34 टक्के आलेले सर काउंटरवर येऊन, बघा ना मॅडम काही होतंय का, असं म्हणतात तेव्हा तोंडावर हसू ठेवून नाही म्हणता आलं पाहिजे. शोधगंगा (देशभरातल्या पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन साठा), ई-जर्नल्स, संदर्भ कसे द्यायचे हे शिकवता येणारा ग्रंथपाल प्राध्यापकांना लागतोच लागतो. जो फक्त किल्ल्या सांभाळतो त्याची जागा उद्या लिपिकाला दिली तरी कुणाला फरक पडणार नाही, कटू आहे पण असंच आहे.

आता ज्यांना तरीही यायचंय त्यांच्यासाठी. ज्यांचं लग्न झालंय, मूल लहान आहे, रोज कॉलेजला जाणं जमणार नाही, त्यांनी मुक्त विद्यापीठ किंवा इग्नूतून करायला काही हरकत नाही, फक्त प्रवेश घेताना मान्यता बघा आणि घराजवळच्या मोठ्या लायब्ररीत आठवड्यातून दोन दिवस हात काळे करायची परवानगी मागा, चांगला ग्रंथपाल नाही म्हणत नाही. पण फुकट दोन वर्षं राबवून घेणारा अनुभवाचा दाखला घेऊ नका, सहा महिने पुष्कळ झाले. एम.लिब. च्या पहिल्या दिवसापासून नेटचा अभ्यास धरा, विषयाचा कोड 59, वर्षातून दोनदा परीक्षा असते. कोहा स्वतःच्या लॅपटॉपवर टाका आणि घरातली पन्नास मराठी पुस्तकं त्यात चढवा, मुलाखतीला तोच लॅपटॉप घेऊन जा.

माझ्याकडे या ऑगस्टपासून कुणाला शिकायला यायचं असेल तर इनबॉक्समध्ये नाव, गाव आणि कोणते वार जमतील ते लिहा. मार्कशीटचे फोटो पाठवू नका, मी बघत नाही.