नाव पुढे गेली, खूण तिथेच

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. जुनं न सोडणाऱ्याबद्दल बोलताना आपण थेट त्याच्या स्वभावावर घसरतो. माणूसच तसा म्हटलं की विषय संपला. चिनी म्हणींच्या नादाला लागल्यापासून मला हे जरा आळशीपणाचं वाटायला लागलंय. (रागावू नका, मीही हेच बोलत आलोय.)

माझी लाडकी म्हण म्हणजे 'ख झोऊ छ्यू ज्येन'. नावेवर खूण करून तलवार शोधणे. प्राचीन चीनमधल्या छू राज्यातला एकजण नदी ओलांडत असताना त्याची तलवार पाण्यात पडते. तो लगेच नावेच्या काठावर खूण कोरतो आणि नाव थांबल्यावर त्या खुणेखाली पाण्यात उतरतो. गोष्ट ऐकून सगळे हसतात. पण हा माणूस आळशी आहे का? उलट नोंदी ठेवणारा, शिस्तीचा. एखाद्या ऑफिसात असता तर बढती मिळाली असती! त्याने खूण तेवढी चालत्या नावेवर केली. आणि मूळ गोष्टीतला टोमणा नावेतल्या माणसाला नाहीच, जुन्या कायद्यांवर राज्य हाकणाऱ्यांना आहे.

दुसऱ्या म्हणीत मात्र रक्त आहे. 'स' नावाच्या तंतुवाद्यात प्रत्येक तारेखाली सरकती घोडी असते, ती सरकवून सूर लावायचा. घोड्या डिंकाने चिकटवून टाकल्या तर? 'घोड्या चिकटवून स वाजवणे', हीच ती म्हण. झाओ राज्याच्या राजाने झाओ खुओ नावाच्या माणसाला सेनापती नेमलं, तेव्हा मंत्री लिन श्यांगरू हेच म्हणाला: हा वडिलांची पुस्तकं वाचू शकतो, प्रसंग बघून बदलणं त्याला जमत नाही. खुद्द आईने राजाला विनवलं, याला पाठवू नका. राजाने ऐकलं नाही. इ.स.पू. २६० मध्ये चांगपिंगला छिन या शत्रुराज्याच्या फौजेने वेढा घातला, खुओ मेला, सैन्य शरण गेलं आणि शरण आलेल्यांची कत्तल झाली.

गंमत म्हणजे याच झाओत ४७ वर्षं आधी राजा वूलिंगने ठरवलं होतं की लांब झगे सोडून उत्तरेकडच्या घोडेस्वार टोळ्यांसारखे आखूड कपडे घालायचे, घोड्यावरून बाण मारायला शिकायचं. दरबारात कुरकुर झाली. राजाचे काका तर आजारी असल्याचं सांगून घरीच बसले. पण राजाने 'म्हाताऱ्याची खोड' म्हणून सोडून दिलं नाही. तो स्वतः काकांच्या घरी गेला, सरहद्दीवर कोण शेजारी आहेत, आपल्याकडे काय कमी आहे, सगळं बसून समजावलं.

दुसऱ्या दिवशी काका तेच कपडे घालून दरबारात हजर.